मशीन एक, बिऱ्हाडं तीन

विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवणाऱ्याला लोक कारण विचारतात आणि त्याच्याकडे ते असतंही. डिजिटल सहीचं टोकन विंडोजवर मुकाट्याने चालतं, म्हणून विंडोज ठेवलं. बाकी सगळं काम उबुंटूवर. इथवर ठीक. पण तोच माणूस त्याच डिस्कवर आणखी एक लिनक्स, समजा मिंट, बसवायला निघाला की त्याला काही विचारू नये. कारण नसतंच. चाळीसेक जीबी जागा पडून आहे असं दिसलं, एवढंच.

बरं, नवं बिऱ्हाड परकंही नसतं. डेबियन १९९३ चं, त्यातून २००४ मध्ये उबुंटू निघालं आणि उबुंटूतून २००६ मध्ये मिंट. आत लिनक्सचा कर्नल तोच, सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची रीत तीच, ब्राउझरही बहुधा तोच. मेन्यू कुठून उघडतो आणि खिडक्या कशा दिसतात, फरक काय तो एवढाच. तेवढ्यासाठी अख्खा रविवार जातो. जाऊ दे, रविवार याहून वाईट कामांत गेलेले मी पाहिले आहेत.

भांडण जागेवरून होत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक पार्टिशनं करता येत, तेव्हा व्हायचं. आताच्या जीपीटीत सहसा १२८ पर्यंत सोय असते. आता भांडण दारावरून. मशीन सुरू झाल्यावर पहिलं कोणी बोलायचं? यूईएफआयच्या मशीनवर त्यासाठी एक छोटंसं सामाईक पार्टिशन असतं आणि त्यात ज्याचं त्याचं फोल्डर: विंडोजचं मायक्रोसॉफ्ट नावाचं, डेबियनचं डेबियन, उबुंटूचं उबुंटू. मिंटचा स्वभाव मात्र वेगळा. ते स्वतःची पाटी आणतच नाही, आपल्या फोल्डरलाही ‘उबुंटू’ हेच नाव देतं. साहजिकच ते थेट शेजाऱ्याच्या पाटीवर चढून बसतं. मशीन पुन्हा सुरू केलं की दारात मिंटचा ग्रब (कोणाला सुरू करायचं याची यादी दाखवणारा प्रोग्राम) उभा, आणि मूळचं उबुंटू यादीत खाली कुठेतरी. त्याच्या फायलींना धक्का लागलेला नसतो, मान तेवढा गेलेला असतो. पुढे उबुंटूत ग्रबचं अपडेट येतं, ते पाटी पुन्हा आपल्या नावाने लिहून घेतं आणि मिंट खाली सरकतं. यात कोणाचीच चूक नाही, म्हणून तर ते मिटत नाही.

कधी कधी शेजारी यादीत दिसतच नाही. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, डिस्कवर आणखी कोण राहतं याची चौकशी करणारा ओएस-प्रोबर मुळात बंदच असतो. त्याला जागं करायला सेटिंगमध्ये लिहावं लागतं, ‘प्रोबर बंद कर : खोटं’. सरळ ‘चालू कर’ म्हणायला काय हरकत होती, हे ग्रब लिहिणाऱ्यांनाच ठाऊक.

घड्याळाची गंमत तर खास आपल्याकडची. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोजला तिथे स्थानिक वेळ हवी असते. त्यामुळे लिनक्सवरून विंडोजमध्ये गेलं की सकाळच्या अकरा वाजता घड्याळ पहाटेचे साडेपाच दाखवतं. लंडनकराला हिवाळ्यात हा घोळ कळणारही नाही. आपल्याला मात्र साडेपाच तासांचा फटका बारा महिने. उपाय सोपा आहे, दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत मान्य करायला लावायची. मी विंडोजला वाकवावं या मताचा आहे, कारण दोन लिनक्सविरुद्ध ते एकटं पडतं.

माझ्या मते दुसरं लिनक्स जरूर बसवावं, फक्त दार कोणाच्या हाती राहणार हे आधी ठरवावं. उबुंटूशेजारी मिंट नेण्यापेक्षा फेडोरा किंवा डेबियन नेलं तर पाटीचा तंटाच उरत नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. नाहीतर ते पुरतं बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्याचं पार्टिशन लिनक्सला नीट वापरता येत नाही. कामाच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर दाराची अशी अदलाबदल पाहून ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा, त्याच मशीनवरच्या फायलीत नको.