मग काय!

आमच्या घरात कॉफी वर्षातून फार तर दहा वेळा होते आणि कॉफीचे मग तेवीस आहेत. कॉफी म्हणजे तरी काय, तर साखर घालून आटवलेलं दूध, वर किसलेलं जायफळ आणि कॉफीची पूड नावापुरती. कुणाचं डोकं दुखत असेल, नाहीतर घरात जागरण असेल, तरच ती होते. आणि झाली तरी आम्ही ती कपबशीतूनच पितो. मगात मावतं सव्वातीनशे मिलिलिटर. एवढ्यात आमच्याकडे चार माणसांचा चहा होतो आणि पाचवं कुणी आलंच तर त्याचीही सोय होते.

पहिला मग माझ्या भाच्याने आणला. तो सिअ‍ॅटलला असतो. हल्ली जगभर पसरलेल्या त्या कॉफीच्या दुकानाचा जन्म १९७१ साली याच गावात झाला. मगावर त्या गावचा उंच मनोरा होता. मी कौतुकाने तो शोकेसमध्ये ठेवला, आणि इथेच चुकलं. शोकेसमध्ये एक मग दिसला की येणारा-जाणारा समजतो, ह्यांना मगांचा नाद आहे. मग शेजाऱ्यांनी आयफेल टॉवर आणला, ऑफिसातल्या बाईंनी सिंगापूरचा सिंह, आणि व्याह्यांनी हवामहल. छंद लागतो म्हणतात. मला तो लावण्यात आला. गेली चार वर्षं शोकेसमधले गणपती मागच्या रांगेत उभे आहेत, आणि त्याबद्दल बायको मला जबाबदार धरते.

मागच्या दिवाळीत भाचा आला आणि शोकेससमोर उभा राहून म्हणाला, "मामा, सगळं जग आहे इथे. आपला कुठाय?"

"आपला म्हणजे?"

"डोंबिवलीचा. किंवा ठाण्याचा, कल्याणचा. ऑफिसात सगळे आपापल्या गावाचा मग टेबलावर ठेवतात. माझ्याकडे सिअ‍ॅटलचाच आहे. सिअ‍ॅटलमध्ये बसून!"

मी ठाण्यात जन्मलो, जागेच्या भावांमुळे डोंबिवलीला आलो, आणि ताई कल्याणला दिलेली. तिन्ही गावं घरचीच. तेव्हा म्हटलं, त्यात काय, आणू. दुसऱ्या दिवशी फडके रोडवरच्या एका दुकानात शिरलो.

"मग आहे का?"

"चहाचा की आंघोळीचा?"

"डोंबिवलीचा."

"काका, दुकानातले सगळे डोंबिवलीचेच आहेत."

ठाण्यात गोखले रोडवर लंडनचा मग मिळाला, पॅरिसचा मिळाला, आणि एकावर तर माझ्यासारख्या बापाला जगातला सर्वोत्तम बाप ठरवलेलं होतं. ठाण्याचा मात्र नव्हता. दुकानदाराने सरळ विचारलं, "साहेब, घेणार कोण? ठाण्याचा माणूस ठाण्याचा मग कशाला घेईल?" ह्यावर मला काही सुचलं नाही. मुंबईचं बरं आहे. तिच्या मगावर गेटवे असतो, टॅक्सी असते, डबेवाला असतो. आमच्याकडे माणूस बघायला येत नाही, झोपायला येतो.

शेवटी ठरलं की मग आपणच छापून घ्यायचा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पोरगा छापून देतो. प्रश्न चित्राचा होता. त्यासाठी ताईकडे कल्याणला बैठक बसली.

ठाण्याचं चित्र मला वाटलं सोपं. तलावपाळी आहे, कोपिनेश्वराचं देऊळ आहे, गडकरी रंगायतन आहे. पण भाच्याने नेमका तोच जुना विनोद काढला, जो ठाणेकर जन्मभर ऐकतो. मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून "मी ठाण्याचा" म्हटलं की समोरचा गालात हसतो. या बाबतीत आम्हाला समजून घेणारं महाराष्ट्रात एकच ठिकाण, येरवडा. बायको म्हणाली, मिसळ छापा. मामलेदार कचेरीवरून जिचं नाव पडलं ती मिसळ खरोखर ठाण्याची शान आहे, पण बाहेर तर्री आणि आत जायफळाची कॉफी, ह्यात जिभेने कुणाचं ऐकायचं? लोकलच्या इंडिकेटरवर ठाण्याच्या गाडीला नुसता 'टी' असतो, तोच छापू म्हटलं, तर भाचा म्हणाला, कॉफीच्या मगावर टी लिहिलं की लोक मला विचारत बसतील.

मग मी हुकमाचा पत्ता काढला. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी, चौदा डबे आणि चारशे पाहुणे. म्हणजे डब्याला तीस माणसंसुद्धा नाहीत! ताईचे यजमान म्हणाले, "एवढ्या मोकळ्या डब्याचं चित्र ठाणेकराला दाखवलंत तर तो म्हणेल, ही गाडी यार्डात चालली आहे."

ताईला गाडी मुळातच नको होती. कल्याणला रेल्वे पोचली १ मे १८५४ ला, ठाण्यानंतर वर्षभराने. हा उशीर ती अजून विसरलेली नाही. "आमच्याकडे महाराज आले १६५७ मध्ये," ती म्हणाली. "दुर्गाडी छाप. खाडीकाठी आरमाराची जहाजं बांधली, तेव्हा तुमचं डोंबिवली कुठे होतं?" शिवाय आनंदीबाई जोशी कल्याणच्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि तेही टेबलावर गावाचा मग न ठेवता. हे भाच्याकडे बघून. यजमानांचं मत मात्र पत्रीपुलाला होतं. शंभरी उलटलेला पूल २०१८ मध्ये पाडला, नवा खुला व्हायला २०२१ उजाडलं. मधल्या काळात त्या कोंडीत कल्याणकराने जेवढं आयुष्य काढलं, तेवढं दुर्गाडीवर कुणी काढलेलं नाही. फक्त त्या मगातली कॉफी तोंडापर्यंत यायला दीड तास लागेल, एवढी एक अडचण त्यांनी स्वतःच मान्य केली.

डोंबिवलीची बाजू माझ्या मुलीने मांडली. फडके रोडची दिवाळी पहाट छापली तर नुसते चेहरे येतील, आणि सोसायटीतले सगळे आपापला शोधत बसतील. त्यापेक्षा म्हणाली, तो जादूचा मग घे ना. काळा दिसतो आणि गरम ओतलं की रंग उमटतात. कॉफी ओतली की एमआयडीसीतला रस्ता गुलाबी! २०२० मध्ये तो खरंच गुलाबी झाला होता, आणि त्याआधी २०१४ मध्ये पाऊस हिरवा पडला होता. कल्पना फार चांगली होती. पण परदेशी माणसाला हे समजावायचं म्हणजे आधी हसायचं आणि मग खोकायचं.

एवढ्यात ताईने कॉफी आणली, स्टीलच्या पेल्यांतून. माझ्या पेल्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: 'वास्तुशांत प्रित्यर्थ, रामनगर, डोंबिवली, २२-५-८३'. म्हणजे पेला आमचाच. कधीतरी शिऱ्याबरोबर कल्याणला आला आणि इथेच राहिला. भांडं घेतलं की दुकानदार कर्रर्र करत त्यावर नाव घालून द्यायचा, आणि 'प्रीत्यर्थ'ची वेलांटी हमखास चुकवायचा. नाव घालायचं ते शेजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून, असं आई म्हणायची. गाव, तारीख, निमित्त सगळं होतं त्यावर, चित्र तेवढं नव्हतं. भाच्याने पेला हौसेने उचलला आणि बोटं भाजून तितक्याच वेगाने खाली ठेवला.

"ह्याला कान नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच तो चाळीस वर्षं टिकलाय," ताई म्हणाली. "आणि ठेव तो खाली, माझा आहे."

अखेर तडजोड म्हणून तिन्ही गावांना धरून असलेली एकच गोष्ट उरली, लोकल. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुंबईच्या गाडीचा फोटो मीच काढला आणि खाली ओळ घातली, 'ठाणे – डोंबिवली – कल्याण'. पोऱ्याने खास लेप दिलेला पांढरा मग काढला, छापील कागद चिकटपट्टीने गच्च गुंडाळला आणि तीन मिनिटं यंत्रात घातला. आत जवळजवळ दोनशे अंशांची धग असते, शाईची वाफ होऊन ती लेपात मुरते, असं त्याने मला समजावलं. सगळं शास्त्र त्याला ठाऊक होतं. कागद सोलला, आणि मगावरची अक्षरं अरबीसारखी उजवीकडून डावीकडे निघालेली.

"मिरर मारायचा राहिला, काका." कागदावर चित्र उलटं छापायचं असतं, तेव्हा मगावर सुलट येतं. "दुसरा मारून देतो, पण लेपवाला मग संपलाय. सोमवारी या."

भाच्याचं विमान रविवारी होतं.

मी मग उजेडात फिरवून पाहिला. गाडीही फिरली होती. मुंबईला निघालेली लोकल कल्याणच्या दिशेने तोंड करून उभी. मुलगी हसत सुटली. पण यजमान गंभीरपणे म्हणाले, "चुकलंय कुठे? हा रिटर्नवाला आहे." आणि खरंच की! डोंबिवलीचा जाणता माणूस सकाळी मुंबईला जायला आधी उलटा कल्याणकडे जातो, खिडकी धरतो, आणि त्याच गाडीने बसून परत डोंबिवलीवरून जातो, फलाटावर ताटकळणाऱ्यांकडे न बघता. फोटोसाठी फलाटावर मी उभा होतो, तेव्हा त्या गाडीत असे निदान शंभर तरी बसलेले असतील.

मग सिअ‍ॅटलला गेला. पंधरा दिवसांनी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात मग, चेहऱ्यावर आनंद.

"मामा, कमाल झाली! स्क्रीनवर सुलट दिसतंय बघ! ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळं नीट वाचता येतंय!"

फोनमध्ये आपली आपल्याला छबी आरशासारखी दिसते, समोरच्याला नाही. आम्हाला इथे फडके रोडच्या घरात ते उलटंच दिसत होतं, आणि गाडी कल्याणकडे निघालेली. बायकोने मला कोपराने ढोसलं.

"दिसतंय ना नीट?" त्याने विचारलं.

"एकदम," मी म्हटलं. "कॉफी पितोस ना त्यातून?"

"छे! पेनं ठेवलीत."