डेमोकर

डेमोकर हे आडनाव नाशिकच्या मतदारयादीत सापडत नाही. तरीही सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, अशोकनगर आणि जेल रोड या भागांत दर दोन इमारतींमागे एक तरी डेमोकर राहतात. वय अडतीस ते अठ्ठेचाळीस. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या कंपनीत पंधरा-वीस वर्षे नोकरी, हुद्दा सुपरवायझरच्या आगेमागे, पाळी बदलती. घरबसल्या संगणकाचे काहीतरी शिकायचे आणि ‘लाइन बदलायची’, असा त्यांचा निश्चय असतो. त्यावर कधीच काही करावे न लागल्यामुळे तो वर्षानुवर्षे नवाकोरा राहिलेला असतो.

निश्चयाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. खालच्या मजल्यावरच्यांचा मुलगा हिंजवडीहून नवी गाडी घेऊन चार दिवस राहून जातो. पुढच्याच आठवड्यात कंपनीत नवे मशीन बसते आणि त्याच्या पडद्यावर बोटे फिरवायला विशीतला एक डिप्लोमावाला उभा राहतो. भर म्हणून ‘नाशकात आयटी येणार’ ही बातमी पेपरात येते. ती दर निवडणुकीला येते, पण डेमोकर ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच वाचतात. त्या रात्री ते मोबाइलवर ‘घरबसल्या कॉम्प्युटर कोर्स’ असे शोधतात, आणि सकाळपर्यंत मोबाइलला त्यांच्याविषयी सगळे कळलेले असते.

कोर्स घेण्याआधी डेमो पाहावा, हा सल्ला शहाणपणाचाच आहे. डेमोकरांनी तो इतका मनापासून पाळला की पुढचे करायचे राहून गेले. रविवारी संध्याकाळी सातचा मोफत डेमो असला की साडेसहाला दाढी होते, घरातला टीव्ही मुका होतो आणि नवी वही निघते. प्रत्येक डेमोला नवी वही लागते. पहिल्या पानावर तारीख, कोर्सचे नाव आणि खाली दोन रेघा मारून ‘महत्त्वाचे’ हा शब्द. पुढची पाने कोरी. ती मुलीच्या गणिताच्या कच्च्या कामाला जातात. डेमोकरांच्या मुलांना रफ वही विकत घ्यावी लागल्याचे ऐकिवात नाही.

या साधनेतून एक वेगळीच विद्वत्ता तयार होते. डेमोकरांना प्रत्येक विषयाचा पहिला धडा येतो. ‘हॅलो वर्ल्ड’ ही दोन शब्दांची ओळ पडद्यावर उमटवण्याचा धडा १९७८च्या सी भाषेवरील पुस्तकामुळे जगभर रूढ झाला. डेमोकर तो सी, जावा, पायथन आणि जावास्क्रिप्ट अशा चारही भाषांत गिरवून बसले आहेत. जगाला चार भाषांत नमस्कार करून झाला. त्यानंतर जगाशी बोलायचे काय, हे दुसऱ्या धड्यात असते.

टॅलीचेही तेच. टॅली शिकवायला सुरुवात करताना ‘कंपनी क्रिएट’ करून दाखवतात. डेमोकरांनी हा धडा ईआरपी नाइनवर गिरवला आणि २०२०मध्ये टॅली प्राइम आल्यावर त्यावरही गिरवला. आजवर त्यांनी काढलेल्या कंपन्यांना जागा द्यायची तर एमआयडीसीला सिन्नरच्याही पुढे वसाहत वसवावी लागेल. एकाही कंपनीत अद्याप एक रुपयाचा व्यवहार झालेला नाही, सबब जीएसटीचा प्रश्न उद्भवत नाही. डेटा सायन्सच्या सुरुवातीला बहुतेक ठिकाणी टायटॅनिक जहाजावरच्या ८९१ प्रवाशांचा तक्ता उघडून दाखवतात. वय, लिंग, तिकिटाचा वर्ग यांवरून कोण वाचले आणि कोण बुडाले याचा अंदाज संगणकाकडून वर्तवून घ्यायचा असतो. तो पुढच्या धड्यात वर्तवला जातो. डेमोकरांच्या लेखी ते जहाज अजून बंदरातच उभे आहे आणि सर्व प्रवासी सुखरूप आहेत.

पहिला धडा गोड लागतो याला कारण आहे. सॉफ्टवेअर आधीच बसवून ठेवलेले असते, उदाहरण हमखास चालणारे असते आणि शिकवायला संस्थेतला सर्वांत बोलका माणूस बसवलेला असतो. खरी कसोटी तिसऱ्या आठवड्यात लागते. तेव्हा घरच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर बसता बसत नाही, एक स्वल्पविराम चुकल्याने पडदा लाल अक्षरांनी भरतो आणि विचारायला शेजारी कोणी नसते. खुल्या ऑनलाइन कोर्सांत नाव घालणारे बहुसंख्य लोक शेवटापर्यंत पोचत नाहीत, हा अनुभव जगभरचा आहे. डेमोकर निदान प्रवेश घेऊन गळत नाहीत. ते प्रवेशाच्या अलीकडेच थांबतात. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हे अधिक शहाणपणाचे.

कारण डेमोनंतर ‘काउन्सेलर’चा फोन येतो. ‘सर, दोनच सीट उरल्यात, आणि ही फी फक्त आज रात्री बारापर्यंत.’ घरबसल्या करायच्या कोर्सात सीट कसली संपते, हा प्रश्न डेमोकरांना पडत नाही. ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ यातला शेवटचा शब्द काउन्सेलर भरभर उरकतो. फी मोठी असली तरी ‘नो कॉस्ट ईएमआय’ असतो, आणि तो बहुतेक वेळा तिसऱ्याच एका वित्तसंस्थेचे कर्ज असते. कोर्स मध्येच सोडला तरी कर्जाचा हप्ता चालू राहतो. गेल्या तुकडीतल्या दोन माणसांचे नंबर द्या, फी परत मिळण्याची अट लेखी द्या, एवढे दोन प्रश्न विचारले तरी असे बरेच फोन आपोआप बंद होतात. डेमोकर ते विचारत नाहीत. ते म्हणतात, ‘घरी विचारून सांगतो.’

घरी विचारले जात नाही. अनेक डेमोकरांच्या घरी दुपारी लॅपटॉप मोकळा असतो तेव्हा सौभाग्यवती त्यावर एका करसल्लागाराची बिले टॅलीत भरतात. त्यांनी डेमो पाहिलेला नाही. शेजारच्या बाईंकडे बसून त्या हे काम शिकल्या, आणि त्याचे त्यांना दरमहा पैसे मिळतात. घरात या विषयावर बोलणे होत नाही.

वास्तविक घरबसल्या शिकणे हा नाशिकचा घरचा विषय आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून इथे आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, आणि राम ताकवले हे पहिले कुलगुरू. नोकरी करणाऱ्या, शाळा अर्धवट सुटलेल्या असंख्य माणसांनी तिथून पदवी घेतली. डेमोकर पावसाळ्यात गंगापूर धरणाकडे भजी खायला जाताना त्याच बाजूने जातात. मुंबई आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प संगणकाचे छोटे छोटे पाठ फुकट देतो, त्यांतले कितीतरी मराठी निवेदनासह. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. तो दाखवेल तसे आपण करत जायचे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७पासून कोर्स फुकट आहेत. तिथल्या एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रासाठी हजार रुपयांच्या घरात परीक्षा शुल्क पडते, पण परीक्षेला स्वतः केंद्रावर जाऊन बसावे लागते. आणि ज्याला नुसती सुरुवात करायची आहे त्याच्यासाठी एमएस-सीआयटीचे केंद्र जवळपास असतेच.

यांतले काहीच डेमोकरांच्या मनात भरत नाही. फुकटच्या कोर्सात सगळाच माल उघडा असतो, त्याला डेमो नसतो. मुख्य म्हणजे त्यात फोन करणारा कोणी नसतो.

गोम इथे आहे. डेमोकरांना कंपनीत आजवर विचारले गेलेले प्रश्न मोजके: टार्गेट झाले का, रिजेक्शन किती, रविवारी ओव्हरटाइमला येणार का. घरी विचारतात ते हप्ता भरला का, गॅस लावला का. ‘सर, पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ हे त्यांना विसाव्या वर्षानंतर कोणी विचारले असेल तर एका पगारी काउन्सेलरने, समोरच्या कागदावरून वाचून. डेमोकरांना तो कागद दिसत नाही असे नाही. तरी ते उत्तर विचार करून, सावकाश देतात. डेमोच्या त्या तासात बेचाळिसाव्या वर्षीही काहीही होता येते. दुसऱ्या धड्यापासून मात्र एकच काहीतरी व्हावे लागते, आणि ते होईल की नाही हे कळू लागते.

एवढ्यावर त्यांना निकामी ठरवावे, तर एक अडचण येते. नोव्हेंबर उजाडला की सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले काका हयातीचा दाखला मोबाइलवरून द्यायचा म्हणून डेमोकरांकडेच येतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना नातवाला व्हिडिओ कॉल लावायचा असतो. पिंपळगावच्या मेहुण्याला द्राक्षबागेच्या फवारणीचा खर्च एक्सेलमध्ये मांडायचा असतो. या मंडळींच्या पोटच्या पोरांनी ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणून मोबाइल हातातून काढून घेतलेला असतो. डेमोकर काढून घेत नाहीत. ते खुर्ची ओढून बाजूला बसतात आणि म्हणतात, ‘आजी, दाबा बिनधास्त. चुकलं तर चुकू द्या, कंट्रोल झेड आहे.’ इतक्या वर्षांत ऐकलेल्या सगळ्या बोलक्या मास्तरांचा सूर त्या वाक्यात उतरलेला असतो, आणि विकायला जवळ काही नसल्याने तो खरा वाटतो. आजी बटण दाबतात. काही बिघडत नाही. संगणक हाताळताना वाटणारी भीती ही पहिल्या तासाची भीती असते, आणि तो तास डेमोकरांइतका कोणी गिरवलेला नाही.

तेव्हा लाइन बदलायची असेल त्याने डेमोकरांचा सल्ला घेऊ नये. जिथे अर्ज करायचा तिथल्या चार जाहिराती वाचाव्यात, त्यांत मागितलेले एकच काम निवडावे आणि लाल अक्षरांचा तिसरा आठवडा निभावून न्यावा. ज्याला माउस धरण्यापासून सुरुवात करायची आहे त्याने मात्र खुशाल डेमोकरांची बेल वाजवावी. ते फी घेत नाहीत, चहा घेतात. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळी सहानंतर घरी असतात. दुसऱ्या धड्याची सोय ज्याची त्याने पाहावी.