ग्रेडमास्तर

मास्तरांनी माझा उजवा तळहात उताणा केला आणि इंजिनातून काढलेल्या पट्टीवरचा एक थेंब, देवळात तीर्थ देतात तसा, त्यावर सोडला.

"चोळा," म्हणाले.

मी अंगठ्यानं चोळला.

"काय लागतंय?"

"चिकट लागतंय."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. असल्या माणसाला चहा द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न त्या नजरेत होता.

मास्तर कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. बँकेतून निवृत्त झाले. पण कुणी नुसतं 'तेल' म्हटलं, तरी ते 'कुठल्या ग्रेडचं?' असं विचारतात. म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं नाव ग्रेडमास्तर पडलं. जिथं म्हणून दारात जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत जपलेली असते, तिथं असा एक माणूस सापडतोच. तो चिमटीत ऑइल धरून ताणतो, हुंगतो, वर्तमानपत्रावर थेंब टाकून त्याचं वर्तुळ कसं पसरतं ते बघत बसतो. मधला डाग काळा आणि काठ ठळक राहिला, की ऑइलमध्ये आता मळ धरून ठेवायची ताकद उरली नाही, असा निकाल देतो. मास्तर या कामाला अग्रलेखाचं पान वापरतात. तिथं एखादं तरी मत स्पष्ट उमटावं, अशी त्यांची इच्छा असते.

गाडी मास्तरांच्या वडिलांची. 1978 ची बुलेट, बिडाच्या इंजिनाची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. वडील, म्हणजे आबा, ऊसवाले. विहिरीवरच्या इंजिनाला जे ऑइल, तेच बुलेटला आणि उरलंसुरलं बैलगाडीच्या आसाला. तीस वर्षं गाडीनं तक्रार केली नाही, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. वडील गेले, गाडी मास्तरांकडे आली आणि मास्तर विचारायला लागले.

त्यांचं पहिलं प्रवचन डब्ल्यूवर असतं. "20 डब्ल्यू 50 मधला डब्ल्यू म्हणजे वेट न्हवं, विंटर!" हे ते इतक्या तळमळीनं सांगतात, की ऐकणाऱ्याला आपण आजवर कुणाचा तरी अपमान करत आलो असं वाटतं. बाकी समजावतात मात्र झकास. म्हणतात, काकवी आठवा. थंडीत बरणी उलटी केली तरी उतरत नाही आणि गुऱ्हाळावर कढईत पाण्यासारखी पळते. साधं ऑइल तसंच. गारठ्यात घट्ट, तापलं की पातळ. मल्टिग्रेड ऑइल गारठ्यात 20 नंबरच्या ऑइलइतपत वाहतं आणि 100 अंशाला 50 नंबरचा दाटपणा धरून राहतं. एवढं कळल्यावर माणसानं 20 डब्ल्यू 50 घेऊन घरी जावं. पण मास्तर तिथून सुरू होतात. 15 डब्ल्यू का नको? 20 डब्ल्यूची गारठ्यातली चाचणी उणे 15 अंशाला होते आणि 15 डब्ल्यूची उणे 20 ला. हा फरक कोल्हापुरात अनुभवायचा तर आधी पंचगंगा गोठायला हवी. तरी डिसेंबर आला, की मास्तर मफलर गुंडाळून चिंतेत बसतात.

दुसरं प्रवचन जस्ताचं. ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन असतं. ते कॅम आणि टॅपेट यांची झीज रोखतं. पुढं गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, फॉस्फरसनं ते खराब होऊ लागले, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण घटवलं. "आमच्या म्हातारीला ना कन्व्हर्टर, ना काय. मग तिच्या तोंडचं जस्त का काढलं?" हे मास्तर अशा सुरात विचारतात, की रेशनवरची साखर बंद झाल्यागत वाटावं.

तिसरं एरंडेलाचं. कॅस्ट्रॉल हे नाव कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे एरंडेलावरूनच आलं, आणि पूर्वी शर्यतीच्या मोटरसायकलींत, पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही एरंडेल घालत, असं ते रंगवून सांगतात. लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेले श्रोते तेवढ्यात पोटावर हात ठेवून उठतात.

एकदा मी त्यांच्याबरोबर ऑइल घ्यायला गेलो. डब्यावर 'जासो एमए'चा शिक्का नाही, म्हणून त्यांनी दुकानदाराला तासभर उभं धरलं. हा शिक्का नसलेल्या कारच्या ऑइलनं क्लच घसरतो वगैरे. शेवटी शेजारी टायर निवडत असलेले आमचे मिस्त्री न राहवून म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाडीचा क्लच इंजिनच्या ऑइलात बुडतोय कुठं? त्याची चेनकेस येगळी, ऑइल येगळं."

क्षणभर शांतता. मग मास्तर म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वापायी त्या वर्षी तीनदा ऑइल बदललं. मिनरल घातलं, तर टॅपेटचा आवाज वाढला. सेमी-सिंथेटिक घातलं, तर गाडीचा ठोका पोकळ येऊ लागला. फुल सिंथेटिक घातलं, तर इंजिनाखाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर रोज दोनाऐवजी तीन थेंब पडू लागले. मास्तरांनी ते तारीखवार पेन्सिलीनं गोल करून ठेवले होते. या इंजिनात मावतं सव्वादोन लिटर. लिटरचे तीन डबे आणायचे, प्रत्येक वेळी पाऊण लिटर उरायचं. उरलेला डबा मिस्त्रींच्या फळीवर जायचा, वर मार्करनं लिहिलेलं : 'मास्तर, नापसंत'.

चौथं ऑइल काही ठरेना. चार महिने गाडी जागची हलली नाही. उभ्या गाडीत ऑइल टाकीतून झिरपत खाली क्रँककेसमध्ये जमतं. एका रविवारी मास्तरांनी डिकॉम्प्रेशर दाबून अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणला आणि किक मारली, तेव्हा सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला, की गल्लीतल्या खिडक्या पटापट मिटल्या. वहिनी आतून म्हणाल्या, "आमच्या घरात गोडं तेल, खोबरेल, एरंडेल सगळं आहे. मी एका मिनिटात आणते. यांनाच कसं ठरवता येत नाही?"

मी आणि मास्तरांनी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली. मास्तर समोर चहाच्या गाड्यावर कुणाला तरी डब्ल्यूचा अर्थ सांगत उभे राहिले. इकडे मिस्त्रींनी नट सोडून जुनं ऑइल काढलं, जाळी धुतली, फळीकडे नजर टाकली आणि मला म्हणाले, "पावणे, तीन पाऊण किती?"

"सव्वादोन."

"बरोबर हाय." आणि त्यांनी तिन्ही नापसंत डबे एकामागून एक नरसाळ्यात रिकामे केले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तिन्ही 20 डब्ल्यू 50 हायत. एकमेकांत मिसळत्यात. म्हातारीला ताजं पायजे, बाकी काय न्हाई."

गाडी एका किकेत लागली. मास्तर पळत आले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. थोडं धुराचं असेल.

"आमच्या आबांच्या वेळचा ठोका!" ते म्हणाले. "मिस्त्री, हे कुठलं?"

मिस्त्री चिंधीला हात पुसत राहिले. "दुकानात न्हाई मिळत, मास्तर."

"मागवावं लागतंय?"

"तीन सर्व्हिसिंगनंतर एकदा निघतंय."

मास्तरांनी खिशातली वही काढून तेवढं लिहून घेतलं. आता तीन सर्व्हिसिंग व्हायच्या, तर गाडी पळायला पाहिजे. तेव्हापासून मास्तर रोज पहाटे बुलेटवरून पन्हाळ्याला जाऊन येतात.