मिरजेच्या कानाने व्हॅलेन्सिया

मिरजेला समुद्र नाही. कृष्णा आहे, पण तीही गावात न शिरता बाहेरून रामराम करून जाते. त्यामुळे स्पेनमधल्या लेकीने "मार्चमध्ये या, आमच्या व्हॅलेन्सियात फायास असतो" असे कळवले तेव्हा मिरजेतले एक काका समुद्रासाठी तयार झाले आणि काकू भाजणी भाजायला बसल्या.

फायास हा मूळचा सुतारांचा सण. त्यांचे दैवत सेंट जोसेफ. हिवाळा सरला की कामातला उरलासुरला लाकूडफाटा पेटवून द्यायचा, अशी त्याची सुरुवात सांगतात. आता चौकाचौकांत घरांच्या उंचीचे रंगीत पुतळे उभे राहतात, त्यांत पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल असते आणि १९ मार्चच्या रात्री ते सगळे जाळतात. २०१६ साली युनेस्कोनेही या सणाला वारशाच्या यादीत बसवले. प्रत्येक पेठेचे मंडळ वेगळे, वर्गणी वेगळी, बँड वेगळा. काका जावयाला म्हणाले, "आमच्याकडं गणपतीला स्वागत कमानी लागतात, मिरवणूक दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी संपत नाही. फरक एवढाच, आम्ही बुडवतो, तुम्ही जाळता."

दरवर्षी लोकांच्या मतांनी एक पुतळा आगीतून वाचतो आणि संग्रहालयात जातो. काकूंना त्यात वशिल्याचा वास आला.

रोज दुपारी दोनला महापालिकेसमोरच्या चौकात 'मास्क्लेता' होते. भर उन्हात हजारो फटाके उडवतात, कारण ते बघायचे नसतात, ऐकायचे असतात. काकूंनी कानांत बोटे घातली. काकांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. सुरुवात विलंबित, मग लय चढली, शेवटी तर सतारीचा 'झाला'! काही मिनिटांत जमीन हादरली, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांनी डोळे उघडले. "तयारी आहे. समेवर मात्र आले नाहीत."

फटाक्यांवर बोलायचा मिरजकराला अधिकारच आहे. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली. उपचारासाठी त्यांना मिरजेला आणले, तिथे ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. हे सगळे काकांनी शेजारी उभ्या असलेल्या स्पॅनिश आजोबांना मराठीतून सांगितले. आजोबांनीही तेवढ्याच जिव्हाळ्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितले.

खरी गंमत गाड्यावर झाली. सणाचा खाऊ म्हणून लेकीने कागदात गरमागरम 'बुन्युएलो' आणून दिले, सोबत पातळ चॉकलेट. काकूंनी एक घास घेतला. "अगं, हे तर भोपळ्याचे घारगे!" खरेच, लाल भोपळाच तो. काका मात्र गप्प. मिरजेत भोपळा म्हटले की आधी कढई आठवत नाही, तंबोरा आठवतो. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतारी घडवायला घेतल्या. त्यांचा कडू भोपळा पंढरपूरकडून येतो, वाळतो, कोरला जातो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

१९ तारखेच्या रात्री पुतळा पेटला, अग्निशामक दलाने आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारले, राख झाली. गर्दी पांगली. काका जागचे हलेनात. १९३७ साली वारलेले गायक अब्दुल करीम खाँ मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. उरुसातल्या तिथल्या संगीत सभेला रात्र रात्र बसायची काकांची सवय जुनी.

"चला बाबा, संपलं," लेक म्हणाली.

"भैरवी कुठं झाली अजून?"

परतल्यावर काका सतारीच्या दुकानात डोकावले. कारागीर भोपळा हातात फिरवून टिचकी मारून बघत होते. "काय काका, तिकडचा भोपळा कसा?"

"गोड आहे," काका म्हणाले, "पण तळून टाकतात हो."

कारागिरांनी हातातला भोपळा जरा जवळ ओढून घेतला.