दहावीच्या गणितातील गुणांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री दहावीच्या गणितातील गुण, मुक्काम गुणपत्रिका, यांसी शिरसाष्टांग नमस्कार विनंति विशेष.

आपला अंमल परीक्षेने सुरू होऊन निकालाने संपुष्टात यावा अशी सर्वसामान्य समजूत असताना, आपण तो विद्यार्थ्याच्या पंचविशीपर्यंत बिनदिक्कत चालवीत आला आहात, आणि हे कोणत्या सनदेच्या आधारे, असे विचारण्याची छाती आजवर फारशा पालकांना झालेली नाही, ही गोष्ट प्रथम नमूद करतो. ‘एवढ्या गुणांवर कॉम्प्युटरचे नाव काढू नकोस’ हा फैसला घरातील वडीलधाऱ्यांच्या मुखातून बाहेर पडत असला तरी त्याखालचा शिक्का आपलाच असतो. पुढे कशीबशी पदवी हाती आली, तरी अनेक कंपन्यांच्या भरतीत ‘दहावीपासून सर्वत्र साठ टक्के’ ही अट देवडीवर उभी राहतेच. ती एकूण गुणांची असते हे खरे, परंतु ते एकूण खाली ओढण्याची कामगिरी बहुधा आपणच इमानेइतबारे बजावलेली असते.

आपण मोजता तरी काय? ज्याचे उत्तर प्रश्नकर्त्याच्या दप्तरी अगोदरच जमा आहे असे उदाहरण, पुस्तक मिटून, घड्याळाच्या धाकाखाली, ठराविक पायऱ्यांनी सोडविण्याची चपळाई. ही चपळाई तुच्छ नव्हे. पण प्रोग्रामरचा दिवस जातो तो नोकरी सोडून गेलेल्या कोणा पूर्वसूरीने लिहिलेला कोड वाचण्यात, त्याच्या मनात नेमके काय होते याचा तर्क करण्यात, आणि गिऱ्हाईक बोलले एक व त्याला हवे होते दुसरेच, या दोहोंमधली वाट शोधण्यात. तेथे पुस्तक उघडण्यास मज्जाव नाही, आणि उत्तर तर कोणाच्याच दप्तरी नाही.

समजा, ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग असलेल्या खातेदारास शुल्क माफ, असा एका बँकेचा नियम आहे. आता शुल्क कोणाकडून घ्यावयाचे? जो ज्येष्ठ नाही आणि दिव्यांगही नाही त्याच्याकडून. घाईत त्या ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडला, की जो एकाच वेळी ज्येष्ठ व दिव्यांग असेल तेवढाच सुटतो आणि बाकी सारा गाव शुल्क भरतो. बेरीज अचूक, वजाबाकी अचूक, आणि कारभार मात्र बुडालेला! ‘किंवा’ नाकारला की ‘आणि’ होतो, हा तर्काचा नियम ज्याच्या नावाने शिकविला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुरा येथे जन्मला आणि केंब्रिजच्या परीक्षेत १८२७ साली चौथा आला. चौथ्याला मध्यम म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु त्याच्याकडून अपेक्षा याहून मोठी होती, आणि स्पर्धापरीक्षांविषयी त्याचे मत पुढेही कधी अनुकूल झाले नाही. याच गृहस्थाने १८४० च्या सुमारास एडा लव्हलेस हिला पत्रद्वारे गणित शिकविले. बीजगणितात ती अडखळत असल्याच्या खुणा त्या पत्रव्यवहारात आढळतात. आणि १८४३ साली बॅबेजच्या न बांधल्या गेलेल्या गणकयंत्राकरिता बर्नुली संख्या काढण्याची रीत तिच्याच टिपणांतून प्रसिद्ध झाली. तिची गुणपत्रिका तपासण्याचा योग आपणास आला नाही, हे त्या यंत्राचे भाग्य म्हणावयाचे.

डायक्स्ट्रा या डच संगणकपंडिताने तर १९७५ सालीच लिहून ठेवले आहे की गणिती वृत्तीच्या जोडीला मातृभाषेवरील असामान्य प्रभुत्व हेच प्रोग्रामरचे सर्वांत मोलाचे भांडवल होय. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पायथन शिकणाऱ्यांच्या प्रगतीमधील तफावतीपैकी सरासरी १७ टक्के भाषा आत्मसात करण्याच्या शक्तीशी निगडित निघाली आणि अंकज्ञानाशी जेमतेम २. मोठा वाटा तर्कशक्ती व स्मृती यांचा होता. आणि अभ्यास लहानशा गटावरचा, तेव्हा त्यावर मी इमला बांधीत नाही. मात्र मराठीच्या निबंधात उत्तम गुण मिळविणाऱ्या मुलीला ‘तू आर्ट्सला जा’ म्हणून वाटेस लावणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

खरे गणित लागतच नाही, असे सांगून मी कोणाला फसविणार नाही. गूढलेखन असो, त्रिमिती चित्रांची हालचाल असो वा मशीन लर्निंग, तेथे संख्याशास्त्र आणि मॅट्रिक्स यांच्यापुढे मान तुकवावीच लागते. पण पंचविशीतला माणूस त्या गणिताकडे वळतो तो आपल्याला ते कशासाठी हवे हे ठाऊक असल्यामुळे. आणि शाळेत जे डोक्यावरून गेले ते पुष्कळदा तेव्हा डोक्यात शिरते. त्या गणिताशी आमचे वैर नाही. आपण त्याचे मुतालिक म्हणून मिरविता, तक्रार तेवढ्यापुरती आहे.

सबब अर्ज असा की, आपण यापुढे दप्तरात सुखाने राहावे, जन्मतारखेचा दाखला म्हणून बोलावणे आल्यास अवश्य यावे, आणि भरतीच्या देवडीवरील ठाणे उठवावे. बहुत काय लिहिणे, लोभ असावा ही विनंति.

आपला,
एक मध्यमगुणी प्रोग्रामर

ता. क. : आपली टक्केवारी भरल्याशिवाय पुढे सरकू न देणारा एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज परवा पाहण्यात आला. त्या रकान्यात मी गंमत म्हणून ५४० हा आकडा घातला. त्याने तो विनातक्रार स्वीकारला. अर्जाचा कर्ता, कंपनीच्या अटीप्रमाणे, दहावीपासून सर्वत्र साठ टक्क्यांच्या वरचाच असणार.