मागचा डावा बसलाय!

गाडीचा टायर बसला, हे गाडीच्या मालकाला सर्वांत शेवटी कळतं. त्याला वाटतं रस्ताच खराब आहे, आणि पुण्यात राहून असं वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. शेजारून जाणारा स्कूटरवाला "ओ शेठ, मागे बघा" एवढं ओरडून पुढे निघतो. काय बघायचं ते सांगायला थांबत नाही. नेमकं निदान करतात ते पंक्चरकाका. "मागचा डावा बसलाय!" ही घोषणा ते फुटपाथवरून, दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेत करतात, आणि तिथून पुढे ती गाडी तुमची राहत नाही.

पंक्चरकाका हे काही एका माणसाचं नाव नाही. कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत जिथे जिथे दुतर्फा पार्किंग आहे आणि निवृत्त माणसं सकाळी फिरायला निघतात, तिथे दर सोसायटीमागे एक या हिशेबाने ते आढळतात. साठी उलटलेली, पायात फ्लोटर्स, खिशाला पेन. स्वतःची चारचाकी नसते. मुलगा घेऊन देत होता, पण "ठेवायची कुठे?" म्हणून यांनीच नको म्हटलं. खरं कारण मला वेगळं वाटतं. स्वतःची गाडी घेतली असती, तर इतरांच्या गाड्यांकडे लक्ष कोणी दिलं असतं?

त्यांच्या अधिकाराचं मूळ बजाज चेतकमध्ये आहे. 1972 साली आलेल्या या स्कूटरची पुढची-मागची चाकं एकाच मापाची, दहा इंची. त्यामुळे पाठीला बांधलेली एक स्टेपनी दोन्हीकडे चालायची. रिमही दोन तुकड्यांची, नटांनी जोडलेली. नट सोडले की टायर-ट्यूब सुटी. बायको आणि दोन पोरांना कात्रजच्या घाटात कडेला उभं करून काकांनी स्वतः चाकं बदलली आहेत, आणि बदलून झाल्यावर त्याच हातांनी पिशवीतला थालीपीठाचा डबा उघडला आहे. काकू अजून ते सांगतात, पण वेगळ्या सुरात. चेतक विकली गेली, टायर ट्यूबलेस झाले, दहा इंचांचे सोळा इंच झाले. काकांचा अधिकार मात्र आपोआप नव्या मापाला बसला.

आता प्रत्यक्ष काम. रविवारची सकाळ, सोसायटीतला एक तरुण आयटीवाला सहकुटुंब साताऱ्याला लग्नाला निघालेला, आणि मागचा डावा बसलेला. पोरगा फोन काढून रोडसाइड असिस्टन्सला लावतो. पलीकडची मुलगी गोड आवाजात पाऊण तास सांगते. काका तेवढ्यात येऊन उभे राहतात आणि शांतपणे म्हणतात, "डिकी उघडा."

डिकी हा काकांचा आवडता प्रांत. तिथे निम्म्या जागेत सीएनजीचं सिलिंडर बसलेलं असतं, उरलेल्या निम्म्यात संसार. आहेराचा कुकर, साड्यांची पिशवी, बाकरवडीचे खोके, मुलाची बॅट, मागच्या दिवाळीपासून राहिलेला आकाशकंदील. प्रत्येक वस्तू काका फुटपाथवर ओळीने मांडतात आणि मांडता मांडता चौकशी करतात. "कुणाचं लग्न? तुमच्या मावसभावाचं? मुलगी काय करते? अच्छा, बँकेत. हे खोकं सरळ धरा, तेल गळतंय." एवढ्यात पुढच्या सीटवर बसलेल्या आजींचा प्रश्न उभा राहतो. गाडी जॅकवर चढवायची तर आत कोणी बसायचं नाही, हे काकांचं म्हणणं. आजींचे गुडघे दुखतात, त्या उतरायला तयार नाहीत. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची येते आणि पैठणी नेसलेल्या आजी फुटपाथवर, कुकरच्या शेजारी, अध्यक्षस्थानी विराजमान होतात.

मग स्टेपनी निघते. काका तिला अंगठ्याने दाबतात, पायाने दाबतात, आणि मालकाकडे जो कटाक्ष टाकतात तो त्याच्या सासऱ्यांनीही आजवर टाकलेला नसतो. "हिच्यात शेवटची हवा कधी भरली होती?" उत्तर येत नाही. "शोरूममधून आणली तेव्हा असेल," काकाच म्हणतात. स्टेपनीत हवा असणं हा त्यांच्या दृष्टीने चारित्र्याचा भाग आहे. तरी हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जाण्याइतकी ती असते, म्हणून खटला तिथेच थांबतो.

"हँडब्रेक ओढलाय? पहिल्या गिअरला टाका. पुढच्या उजव्या चाकाला दगड लावा." दगड शोधायला आयटीवाला निघतो. पुण्यात रस्त्यावर सगळं मिळतं, पण हवा तेव्हा दगड मिळत नाही. अखेर तुळशीच्या कुंडीखालची वीट येते. पोरगा उत्साहाने जॅक फिरवायला बसतो. "थांबा! आधी नट ढिले करा. अर्धा आटा. चाक जमिनीवर असताना. एकदा वर उचललं की पान्याबरोबर चाकच फिरतं." आणि हे अगदी खरं असतं. जॅक कुठेही लावायचा नाही, दाराखालच्या पट्टीला खाच असते तिथेच लावायचा, नाहीतर पत्रा दबतो, हेही खरं. काढलेले नट व्हीलकॅपमध्ये ठेवायचे, म्हणजे गटारात जात नाहीत, खरं. परत आवळताना एकामागून एक गोल गोल जायचं नाही, समोरासमोरचे नट धरायचे, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. खरं, खरं, खरं. पंक्चरकाकांचा खरा वैताग हाच आहे की त्यांचं सगळं बरोबर असतं. चुकीचा सल्ला देणाऱ्याला माणूस दोन शब्द ऐकवू शकतो. बरोबर सल्ला देणाऱ्यापुढे नुसतं घामाघूम व्हावं लागतं.

या सगळ्यात काका स्वतः पान्याला हात लावत नाहीत. कंबर. एकदाच, गंजलेला शेवटचा नट सुटेना तेव्हा, ते पुढे होतात, फ्लोटर पान्याच्या दांड्यावर ठेवतात, इस्त्रीवाल्याच्या खांद्याचा आधार घेतात आणि सगळं वजन त्यावर टाकतात. 'कट्' असा आवाज येतो. नट सुटलेला असतो. पुढचा आठवडाभर सोसायटीच्या कट्ट्यावर चाक बदलल्याचं श्रेय कुणाकडे जातं, हे सांगायला नको.

स्टेपनी लागली म्हणून काका सोडत नाहीत. "साताऱ्याला स्टेपनीवर जाणार? आणि खंबाटकीत दुसरा बसला तर?" म्हणून ते पुढच्या सीटवर बसतात, आजी मागे सरकतात, आणि वरात पंक्चरवाल्याकडे जाते. हा पंक्चरवाला बहुधा उत्तर प्रदेशातला किंवा केरळातला असतो. टपरीवर टांगलेला टायर हीच त्याची पाटी. मराठी त्याला उत्तम येतं. काका मात्र त्याच्याशी हिंदीतच बोलतात. "भैया, पहले वो खिळा मत निकालो! आधी पाणी मारके देखो. एक निकाला तो दूसरा रह जाता है." पंक्चरवाला "काका, बसा" म्हणून एक जुना टायर पुढे सरकवतो. काका बसतात, पण त्यांचं हिंदी बसत नाही.

खिळा उपटायचा नाही, यालाही शास्त्र आहे, आणि काका ते सगळ्यांना सांगतात. ट्यूबलेसमध्ये रुतलेला खिळा स्वतःच बुचाचं काम करतो, हवा हळूहळू जाते, दुकानापर्यंत पोचता येतं. रस्त्यात उपटला की सगळी हवा एकदम गेली. मग पंक्चरवाला साबणाचं पाणी ओततो, बुडबुडे दिसतात, खिळा काढून त्या भोकात दात्याची सळई फिरवतो, भोक साफ झालं की चिकट पट्टी सुईत ओवून आत ढकलतो, सुई ओढून घेतो आणि वर राहिलेलं शेपूट ब्लेडने कापतो. काम पाच मिनिटांचं. व्हॉल्व्हला थुंकीचं बोट लावून बुडबुडा येतो का ते तो बघतो; त्याचं झाल्यावर काका स्वतःचं बोट लावून बघतात. टायरच्या गालाला पंक्चर असेल तर मात्र काका पट्टी मारूच देत नाहीत. तो भाग चाक फिरताना सारखा वाकतो-सरळ होतो, तिथे पट्टी टिकत नाही, टायरच बदलावा लागतो. एवढं ऐकून मालकाचा चेहरा पडतो आणि काकांचा उजळतो.

काकांचा एक फायदा मी मान्य करतो. एकट्या माणसाच्या टायरमध्ये तीन पंक्चर निघतात. शेजारी काका बसलेले असले की एकच निघतं. दोनशे रुपये वाचतात. दीड तास जातो, ते सोडा.

त्या दीड तासात शिक्षणही होतं. "हवेचा टायर कुणी काढला?" मालक मोबाइलकडे हात नेतो. "तो बघू नका. डनलॉप म्हणाल. बरोबर ना?" आणि मग काका सांगतात की बेलफास्टला जनावरांचा डॉक्टर असलेल्या डनलॉपने 1888 साली आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर लावले, पेटंटही मिळवलं, पण पुढे ते रद्द ठरलं, कारण थॉमसन नावाच्या दुसऱ्याच स्कॉटिश माणसाने 1845 सालीच ही कल्पना पेटंट करून ठेवली होती. "त्यामुळे पेटंट थॉमसनचं आणि नाव डनलॉपचं," ते समाधानाने म्हणतात. कुठल्यातरी बढतीचं जुनं दुःख त्यांच्या आवाजात मला नेहमी ऐकू येतं.

नायट्रोजनचा विषय काढलात तर लग्न चुकलंच म्हणून समजा. व्हॉल्व्हला हिरवी टोपी दिसली की काका सावध होतात. "नायट्रोजन भरलाय? पैसे दिले? हवेत 78 टक्के नायट्रोजन फुकट असतो. तुम्ही उरलेल्या 22 टक्क्यांचे पैसे दिलेत."

त्यांचा एकच गुण मला भयंकर वाटतो: ते टायर वाचतात. गालावर बारीक चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. कंपनीतून टायर कधी बाहेर पडला त्याची ही जन्मतारीख. काका चष्मा कपाळावरून खाली घेतात, उकिडवे बसतात (कंबर या वेळी दुखत नाही) आणि वाचतात. "गाडी कधी घेतलीत? एकवीसच्या शेवटी? टायर तर एकोणीसचा आहे." एवढंच. पुढचं ते बोलत नाहीत. पण मालकाची बायको मालकाकडे बघते, आणि गाडी घेताना डिस्काउंट मिळवल्याची जी गोष्ट तीन वर्षं घरात सांगितली जात होती, ती त्या दिवसापासून बंद होते.

निघालेला खिळा काका मागून घेतात. त्यांच्याकडे बोर्नव्हिटाच्या बरणीत संग्रह आहे. चपलेचे खिळे, सेंट्रिंगचे खिळे, घोड्याच्या नालेचा एक, आणि अलीकडे सर्वांत जास्त ते पत्र्याच्या शेडला मारायचे टोकदार स्क्रू. शहरात जिकडेतिकडे पत्रे ठोकलेत, तिथून ते रस्त्यावर येतात, हा काकांचा सिद्धांत. दुसरा सिद्धांत कटाचा: दुकानदारच रस्त्यावर खिळे पेरतात. त्याला ते बंगळुरूचा दाखला देतात. तिथल्या एका इंजिनिअरने ऑफिसला जाता-येता रिंग रोडवरचे खिळे काठीला चुंबक लावून किलोकिलोंनी गोळा केले होते, हे त्यांनी पेपरात वाचलं आहे. आमच्या पंक्चरवाल्यासमोर मात्र हा सिद्धांत ते मांडत नाहीत. तो त्यांना चहा पाजतो.

अलीकडे काका जरा उदास दिसतात. 2020 साली केंद्र सरकारने नियम बदलला. टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चर काढायचं किट सोबत असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती उरली नाही. गेल्या महिन्यात बी विंगमधल्या मॅडमची नवी इलेक्ट्रिक गाडी गेटजवळ बसली. घोषणा करायलाही काका उशिरा पोचले, कारण 'मागचा डावा' हे गाडीने स्वतःच पडद्यावर आकड्यांसकट दाखवलं होतं. तरी त्यांनी "डिकी उघडा" म्हटलं. डिकी उघडली. कुकर नाही, बाकरवडी नाही, स्टेपनीही नाही. स्वच्छ गालिचा, त्याखाली हातभर कॉम्प्रेसर आणि एक बाटली. "ही बाटली जोडायची, आतला द्रव टायरमध्ये जातो, भोक बंद. पाच मिनिटं, काका," मॅडम म्हणाल्या. काका काही बोलले नाहीत. दुधाची पिशवी त्यांनी बॉनेटवर ठेवली, बाटली उचलली आणि चष्मा खाली ओढला.

"मॅडम, हिची एक्सपायरी मार्चमध्ये झालीय."

मॅडमनी बाटली घेतली, बघितली. खरंच झाली होती.

"इस्त्रीवाल्याला हाक मारा," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा पूर्वीच्या पट्टीत गेला. "पंक्चरवाल्याला इथेच बोलवू. हँडब्रेक ओढलाय?"

"ओढायचा नसतो काका, बटण असतं. दाबलंय."

"बटण?" काकांनी चाकाकडे बघितलं, उताराकडे बघितलं. "असू दे. दगड आणा."