एक नदी, दोन पालकमंत्री

कृष्णामाई महाबळेश्वरला निघते, वाई करते, कराडात कोयनेची गळाभेट घेते आणि कुणाचाही ना-हरकत दाखला न काढता वाळवा तालुक्यात शिरते. सातारा जिल्हा नियोजन समिती साताऱ्यापुरती, सांगलीची सांगलीपुरती. नदीला मात्र हे परिपत्रक अजून पोचलेलं दिसत नाही.

तसे आपण मूळचे एकाच घरचे. १९४९ ला वाटण्या झाल्या, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं. तेव्हापासून भाऊबंदकी रीतसर, म्हणजे पावसाळी आणि उन्हाळी अशा दोन हंगामांत चालते. पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उचलले की सांगलीकर आयर्विन पुलावरचे फूट मोजत बसतात. ४५ ला धोका. तेव्हा पाणी नको म्हटलं तरी घरपोच मिळतं. उन्हाळ्यात तेच पाणी ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना हवं असतं, तर निवेदन, शिष्टमंडळ, मुंबई. धरण पाटणला, पीक तासगावला, सही मंत्रालयात! २०२३ ला पाऊस आखडला, सांगलीत कृष्णेचं पात्र उघडं पडलं, आणि एकाच सरकारात बसलेल्या दोन्हीकडच्या मंडळींची कोयनेच्या पाण्यावरून जुंपली. विरोधकांना घसा कोरडा करायची वेळच आली नाही.

(टेंभू हे आगरकरांचं जन्मगाव. तिथून आपण पाणी उपसून थेट आटपाडीपर्यंत नेलं. आगरकरांचा तर्क मात्र एकाही पंपाला अजून उचलता आलेला नाही.)

दोन्ही जिल्ह्यांच्या वर एक ‘उर्वरित महाराष्ट्र विकास मंडळ’ होतं. विदर्भ आणि मराठवाडा वजा जाता उरतो तो महाराष्ट्र, त्यात आपण. १९९४ ला ते जन्मलं, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून गेलं. सातारा-सांगलीत कुणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही.

मंडळ गेलं, उरली जिल्हा नियोजन समिती. तिच्यात पाचांतले चार सदस्य जिल्हा परिषद आणि पालिकांतून निवडून यावेत, असं राज्यघटना म्हणते. पण मार्च २०२२ ला दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. निवडायला माणूस नव्हता, निवडून यायला माणूस नव्हता. समितीत इतकं एकमत पूर्वी कधी नांदलं नव्हतं.

बरं, खालून निवडून आलेल्या माणसांनी कारभार करणं इथं जमतच नाही असंही नाही. खटावातलं औंध साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत. पूर्वी हे सगळं औंध संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ ला गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार गावांच्या हाती दिला: गावपंचायत, तिचे अध्यक्ष तालुका समितीवर, तिथून माणसं विधिमंडळात. राजानं स्वतःहून सत्ता सोडली! पालकमंत्र्यांना हा प्रसंग सांगू नये, रक्तदाब वाढतो.

तरीही आमची सूचना आहे. कराडला प्रीतिसंगमावर दोन्ही जिल्ह्यांची ‘कृष्णा-कोयना परिषद’ भरवावी. नाव आधीच जुळलेलं आहे. पालकमंत्र्यांच्या खुर्च्या दोन, दोन्ही मधोमध. हा भूमितीचा प्रश्न बांधकाम विभागानं सोडवावा. विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. मागील सभा झालेलीच नसल्यानं ते एकमतानं कायम. विषय क्रमांक दोन, पाणी : वेळेअभावी तहकूब.